सिरीज बल्ब मंद झाला म्हणजे सेट पास?

"जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावा. मंद झाला की सेट ठीक, थेट चालू करा. पार्ट बदलाल तर आवाजाचा गोडवा जाईल. प्लग काढला की आत हात घालायला भीती नाही." हा मेसेज या पावसाळ्यात मला चार ग्रुपांवर आला. चोर बाजारातून सेट उचलून आणणारे तो डोळे मिटून पाळतात, म्हणून लिहितोय.

बल्ब लावाच. ट्रान्सफॉर्मर शॉर्ट असेल तर तो भगभगून सांगतो. पण खरा चोर असतो कपलिंगचा कागदी कंडेन्सर, म्हणजे एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याकडे जाऊ देणारा पण डीसी अडवणारा, मुंबईच्या दमट हवेत पन्नास-साठ पावसाळे काढलेला. त्यातून नुसते १० मायक्रोअँपिअर गळले, तरी ग्रिडच्या (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीच्या) ४७० किलोओहम रेझिस्टरवर ४.७ व्होल्ट चढतात, तेही प्लस. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड कॅथोडपेक्षा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकापेक्षा) साधारण ७ व्होल्ट खाली लागते. उरलं काय? लगाम सुटतो, प्रवाह वाढतो, प्लेट लालबुंद होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. बल्बच्या खिजगणतीतही हे १० मायक्रोअँपिअर नसतात.

गोडव्याचं म्हणाल तर गळका कंडेन्सर गात नाही, घरघरतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर आणा. फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदला. जुन्या फिल्टरचा डबा शोभेला चॅसिसवर (सेटच्या धातूच्या सांगाड्यावर) राहू द्या, फक्त वायरी सोडवा.

आता प्लग. एका मित्राच्या सेटमध्ये नवा फिल्टर कंडेन्सर बसवला, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) सोडून सगळे व्हॉल्व्ह काढून तपासलं, प्लग काढला आणि चहाला गेलो. दहा मिनिटांनी मीटर लावला, तर २८० व्होल्ट! चार्ज खर्च करायला व्हॉल्व्हच नव्हते. त्या दिवसापासून १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर क्लिप लावून टेबलावरच असतो. एक टोक चॅसिसला, दुसरं कंडेन्सरच्या प्लसला, डावा हात खिशात, आणि मग मीटरवर खात्री.

"आमच्याकडे ईएलसीबी आहे" (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) हे उत्तरही ऐकलंय. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा शॉक त्याला कळतच नाही, तो ट्रिप होणार नाही.

एक गोष्ट तर मेसेजमध्ये नावालाही नाही. यूसीएल८२सारखे 'यू'ने सुरू होणाऱ्या नावाचे व्हॉल्व्ह दिसले तर त्या सेटला बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. प्लग उलटा बसला की अख्ख्या चॅसिसवर २३० व्होल्ट. सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर मागचं झाकण काढून तो चालू करूच नका.