तकलाकोटला मृत्यूचा दाखला देणारा मी कोण?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग माझाच जुना लेख काढून वाचला आणि निम्मा राग स्वतःवर निघाला. उरलेल्या निम्म्याबद्दलही खाली लिहितोच.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१६ साली कैलास-मानसरोवर यात्रेत लिपुलेख खिंडीतून गेलो, तेव्हा तिबेटात उतरल्यावरचं पहिलं मोठं गाव म्हणजे तकलाकोट. तिबेटी लोक त्याला पुरांग म्हणतात. भारत, नेपाळ आणि तिबेट जिथे एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यात, कर्णाली नदीच्या खोऱ्यात. मी लिहिलं होतं की हे आता ‘एक निर्जीव चिनी छावणी’ आहे. त्यावर तुम्ही विचारलंत, दोन रात्री गेस्टहाउसात झोपून एका गावाला मृत्यूचा दाखला देणारे तुम्ही कोण? यात्रेकरूंना तकलाकोट म्हणजे कैलासाच्या वाटेवरची कागद तपासायची खिडकी, असंही म्हणालात. शिवाय तिथल्या खोजरनाथच्या बौद्ध मठाला ‘राममंदिर’ म्हटल्याबद्दल आणि डोगरा सेनापती झोरावरसिंगला हुतात्मा केल्याबद्दल कान उपटलेत.

पहिल्या मुद्द्यावर मी सपशेल चूक. ‘सकाळी आठ वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं’ हे वाक्य मी पुरावा म्हणून दिलं होतं. पण लिपुलेख ओलांडला की घड्याळ अडीच तास पुढे करावं लागतं, कारण सगळ्या चीनमध्ये बीजिंगचीच वेळ चालते. म्हणजे माझे आठ वाजले तेव्हा पलीकडे, भारतातल्या गुंजी गावात साडेपाच होते. साडेपाचला आमच्या सदाशिव पेठेतही कुत्रंच काय ते दिसतं. खरी दुपार तिथे अडीचच्या सुमाराला होते आणि बाजार त्या हिशेबाने जागा होतो. हे मला तिथे असताना माहीत होतं, लिहिताना सोयीस्कर विसरलो.

आणि बाजार जागा झाल्यावर जे पाहिलं ते मी लेखात घेतलंच नाही, कारण ते माझ्या ‘निर्जीव’ या शब्दात बसत नव्हतं. आता लिहितो. नेपाळी दुकानांच्या ओळीत एक माणूस लाकडी वाट्यांचा ढीग मांडून बसला होता. नेपाळच्या हुमला जिल्ह्यातल्या लिमी खोऱ्यातला. तिथले लोक झाडाच्या गाठींपासून वाट्या कोरतात आणि पुरांगच्या बाजारात आणून विकतात; लोणीचहा प्यायला आणि सत्तू मळायला तिबेटी घरात अशी वाटी लागतेच. एक म्हातारी बाई गिऱ्हाईक. तिने वाटी उचलली, नखाने टिचकी मारून कानाशी धरली, मग उन्हाकडे करून तळाची जाडी पाहिली, परत ठेवली, दुसरी उचलली. असं सात-आठ वाट्यांचं झालं. विकणारा ढिम्म. तिच्याशी तिबेटी, माझ्याशी मोडकी हिंदी, आणि शेजारच्या चिनी दुकानदाराशी कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून बोलणं. शेवटी तिने पहिलीच वाटी घेतली. मीही एक घेतली. टिचकीची परीक्षा मला येत नसल्याने बहुधा जाड बुडाची मिळाली. सध्या तिच्यात जिरं असतं.

हीच या गावाची जुनी रीत आहे. कर्णालीच्या खोऱ्यात जव, वाटाणा, मोहरी पिकते, उत्तरेकडच्या पठारावर काहीच पिकत नाही. तिकडच्या सरोवरांचं मीठ, लोकर आणि टाकणखार खाली यायचा. खालून धान्य, गूळ, कापड वर जायचं. आपल्याकडचे सोनार झाळायला जो टाकणखार वापरत, तो एके काळी तिबेटातून उतरायचा. मालाची वाहतूक बकऱ्या-मेंढ्यांच्या पाठीवर, दोन्ही अंगांना लटकणाऱ्या छोट्या थैल्यांमधून. भारताच्या बाजूच्या ब्यांस, चौंदास, दारमा या खोऱ्यांतले शौका जमातीचे व्यापारी पिढ्यानपिढ्या ठरावीक तिबेटी कुटुंबांशीच व्यवहार करत. मैत्री जोडताना एक दगड फोडून दोघांनी अर्धा-अर्धा जपायचा. पुढच्या पिढीत कुणी आलं तर तुकडे जुळवून बघायचे. गावाच्या नावातसुद्धा हा शेजार आहे: तिबेटी ‘खर’ म्हणजे किल्ला, तकलाखर, खालच्या लोकांनी त्याचं कोट केलं.

आता उरलेला निम्मा राग.

तुम्ही लिहिता, ‘बदल सगळीकडेच होतो, पुण्यातले वाडे पडले तेव्हा रडलात का?’ हो, थोडा रडलो. पण ही तुलना मला पटत नाही. वाडा पडतो तेव्हा भाऊबंदकी असते, बिल्डर असतो, पागडी असते; मालकाची सही कुठेतरी असतेच. तकलाकोटच्या वरच्या डोंगरधारेवरचा शिंबिलिंग गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त केला गेला. तिथल्या लोकांना कुणी सही मागितली नव्हती. आज त्याचा थोडा भाग पुन्हा उभा आहे, बाकी भिंतींचे सुळके गावातून मान वर केली की दिसतात. याला ‘बदल’ हा गुळगुळीत शब्द मी वापरणार नाही.

बाजाराचंही तसंच. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात तकलाकोट हे व्यापारपेठ म्हणून नावानिशी आहे, आणि ज्या सहा खिंडींतून ये-जा करायची त्यांत लिपुलेख आहे. १९६२ मध्ये ते सगळं बंद. १९८१ ला यात्रा सुरू झाली, व्यापार त्यानंतर, १९९२ ला. तीस वर्षं! अर्धा दगड जपणारी पिढी तोवर म्हातारी झालेली. त्या बंद वर्षांत शौका गावं रिकामी होत गेली, मुलं नोकऱ्यांना लागली. २०२० मध्ये करोनाने खिंड पुन्हा मिटली. यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात परत सुरू झाली. दरम्यान २०२३ च्या अखेरीस पुरांगला विमानतळ झाला. ल्हासाची बाजू जवळ येत गेली, गुंजीची लांब. गाव मेलं नाही हे मान्य, पण त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं गेलंय, आणि हे मी पुन्हा लिहीन.

खोजरनाथबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. तो तिबेटी बौद्धांच्या साक्य पंथाचा गोम्पा आहे, हजारेक वर्षं जुन्या परंपरेचा. मूर्ती मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी यांच्या. आपले यात्रेकरू त्यांना राम-लक्ष्मण-सीता म्हणून हात जोडतात, मीही जोडले. जोडायला हरकत नाही, पण लेखात ते ‘राममंदिर’ म्हणून ठोकून द्यायला नको होतं. गंमत म्हणजे गोम्पाची खरी कथा आपल्याला जास्त ओळखीची वाटावी अशी आहे: मूर्ती गाडीवरून नेत होते, चाक एका दगडापाशी अडलं, आणि मूर्तीच बोलली की मी आता इथेच राहणार. आपल्याकडे निम्म्या ग्रामदैवतांनी असंच गाव निवडलेलं असतं. हे सोडून मी रामायण का शोधत बसलो, देव जाणे.

झोरावरसिंगाच्या बाबतीत मात्र अर्धंच मान्य. जम्मूचा हा डोगरा सेनापती १८४१ साली पश्चिम तिबेटवर चालून गेला, ही स्वारीच होती. ज्यांचं गाव त्यांच्यासाठी तो आक्रमकच. हिवाळ्यात रसद तुटली, १२ डिसेंबरला तकलाकोटजवळच्या तोयो गावापाशी तो पडला. त्याच्या सैन्यातले कितीतरी जण थंडीनेच गेले. ‘हुतात्मा’ हा शब्द चुकला. पण तोयोतलं त्याचं स्मारक तुम्ही भारतीय पर्यटकांचं खूळ म्हणालात, ते तसं नाही. तिथे ऐकायला मिळतं की ते तिबेट्यांनीच उभारलं, शत्रूच्या ताकदीचा अंश गावात राहावा म्हणून. आपल्याला प्रतापगडाच्या पायथ्याची अफजलखानाची कबर माहीत आहे, तेव्हा यात नवल वाटू नये.

मूळ लेखात आज दुरुस्त्या केल्या आहेत. ‘निर्जीव’ काढला, ‘राममंदिर’ काढलं, ‘हुतात्मा’ काढलं, सकाळच्या आठचा खुलासा टाकला. ‘छावणी’ ठेवला आहे, कारण बराकी मी मोजल्या नसल्या तरी पाहिल्या आहेत.

आणि एक. तुम्ही ओघात लिहिलंत की सीमेजवळच्या धारचुल्यात दोन वर्षं नोकरीला होतात, आणि तुमच्या घरमालकांकडे तिबेटी गालिचे अजून अंथरलेले असत. हे एका ओळीत उरकू नका. त्यांच्या घरात तो अर्धा दगड कुणी पाहिला होता का, एवढं तरी विचारून कळवा.