अखंड राहिलेल्या बारा एकरांबद्दल

नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले, कारण आधी कागद काढून बघायचे होते. आमच्या शेताच्या चार पिढ्यांवरच्या लेखात मी ‘आजोबांनी राखलं, वडिलांनी तुकडा पडू दिला नाही’ असं लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं, हे बारा एकर अखंड राहिले ते आत्यांचा हक्क मारून. मुलींना 1956 पासून बरोबरीचा वाटा होता आणि मी ते लपवलं.

आधी कायद्याचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बरोबरीचा वाटा दिला नव्हता. वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मानेच हिस्सेदार. मुलीला मिळायचा तो बापाच्या हिश्श्यातला वाटा. आजोबा 1983 साली वारले, आजी आधीच गेली होती. जन्माने हिस्सेदार आजोबा आणि वडील असे दोघंच, म्हणजे बारातले सहा एकर मुळातच वडिलांचे, आणि आजोबांच्या सहात तिघं भावंडं. आत्यांना दोन-दोन एकर. महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून मुलगी सहहिस्सेदार झाली, तीही त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. तोवर आमच्याकडे सगळं उरकलं होतं.

पण लपवलं, हे मान्य. दोन एकर म्हणजे काहीच नाही असं थोडंच आहे?

जुन्या फेरफारात वारस म्हणून तिघांची नावं चढली आहेत, पुढच्याच वर्षी दोन कमी झाली आहेत. हक्कसोडपत्राची नक्कल वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. थोरल्या आत्याचा अंगठा. धाकटीची सही, एकेक अक्षर सुटं, शेवटची वेलांटी शाईत फराटलेली. तिला फोन केला. मला वाटलं होतं ती म्हणेल, भावासाठी सोडलं. ती म्हणाली, “विहिरीच्या कर्जाला सह्या पाहिजेत म्हणाला, म्हणून केली. पोरं लहान होती, दुपारच्या गाडीने लगेच परत गेले.” जमीन सुटतेय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वडील म्हणतात, सातबाऱ्यावर तीन नावं असली की कर्जाच्या प्रत्येक कागदाला तिघं लागायचे, म्हणून केलं. विहीर खरंच त्याच कर्जातून झाली.

‘फसवणूक’ हा तुमचा शब्द वडिलांसाठी माझ्या तोंडून निघत नाही, पण तो खोडायलाही मी येणार नाही. लेखातलं ते वाक्य काढून हे सगळं तिथे घातलंय. धाकट्या आत्याला पुढच्या महिन्यात शेतावर आणतोय. तिचे दोन एकर कुठल्या अंगाने मोजायचे ते ती आणि वडील बांधावर उभं राहून ठरवतील. थोरली आत्या आता नाही. तिच्या मुलांशी बोलणं अजून व्हायचंय.