जीवशास्त्रात संशोधकाची जागा मिळवू इच्छिणाऱ्यांसाठी

जीवशास्त्रात पीएच.डी. करून संशोधनाची कायमस्वरूपी जागा शोधायला आपण निघाला असाल, तर सर्वप्रथम संशोधनासाठी प्राणी विचारपूर्वक निवडावा. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन ते तीन वर्षे जगतो आणि पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाचा, करारही बहुधा तेवढाच असतो. त्यामुळे वार्धक्यावर उंदरांत संशोधन करणाऱ्या उमेदवाराचे भवितव्य, उंदीर आधी संपतो की करार, यावर अवलंबून राहते. त्यापेक्षा फळमाशी बरी, ती दोन-अडीच महिन्यांत आयुष्य पुरे करते. सी. एलेगन्स हा सूत्रकृमी तर तीनेक आठवड्यांतच आटोपतो, आणि एवढा समजूतदार सहकारी आपल्याला विभागात दुसरा भेटणार नाही. आपला मूळ प्रश्न माणसाविषयीचा असल्यास तो कृमीला विचारता येईल अशा बेताने बदलून घ्यावा.

निष्कर्ष हाती आले की ते कोठे छापून येतात एवढेच पाहावे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेली सरासरी उद्धरणे, म्हणजे इतर लेखांनी घेतलेले त्यांचे संदर्भ. त्यात थोड्याच लेखांना उदंड उद्धरणे मिळतात आणि उरलेले त्या सरासरीच्या सावलीत सुखाने राहतात, हे संख्याशास्त्र आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवत असाल. निवड समितीसमोर ते आठवू नये. हा आकडा वापरून माणसांची नेमणूक करू नये, असे २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यावर सही केलेल्या संस्थेत अर्ज करताना आकडा लिहू नये. नियतकालिकाचे नाव तेवढे ठळक अक्षरांत छापावे, म्हणजे तत्त्वही राहते आणि कामही होते.

विषय कितीही महत्त्वाचा वाटला तरी अनुदान मिळत नसेल तर तो तत्काळ सोडावा. जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटालिन कारिको यांनी हे ऐकले नाही. पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना पोहोचवणाऱ्या एमआरएनए या रेणूच्या नादापायी १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांची पदावनती झाली, आणि एवढे होऊनही त्या तेच काम करत राहिल्या. पुढे २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले हे खरे, परंतु निवड समितीला पुढल्या अठ्ठावीस वर्षांचे दिसावे ही अपेक्षा अवाजवी आहे. तिला फक्त मागल्या पाच वर्षांतले अनुदान दिसते.

जाहिरातीतील पात्रतेच्या अटी बारकाईने वाचाव्यात. विशिष्ट प्रथिन, विशिष्ट सूक्ष्मदर्शक आणि विशिष्ट मासा या तिन्हींचा अनुभव एकाच व्यक्तीकडे हवा असेल, तर ती व्यक्ती बहुधा त्याच इमारतीत बसलेली असते. तरीही अर्ज करावा. स्पर्धा खुली होती हे दाखवायला कोणीतरी लागतेच.

राहता राहिली तीन शिफारसपत्रे. मार्गदर्शक प्राध्यापकांना वेळ नसतो, त्यामुळे 'मसुदा तूच पाठव, मी सही करतो' असे उत्तर येईल. अशा वेळी संकोच सोडून, गेल्या वीस वर्षांत पाहिलेला सर्वोत्तम विद्यार्थी असे स्वतःविषयी बिनदिक्कत लिहावे; मात्र त्याच प्रयोगशाळेतल्या आणखी कोणी याच जागेसाठी अर्ज केला आहे का, याची आधी चौकशी करावी, कारण त्याचाही मसुदा त्यानेच लिहिलेला असणार.