लोंबणारी कातडी म्हणजे आळस नव्हे

निपाणीपासून खानापूरपर्यंत मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वजन उतरल्यावर कातडी लोंबते ती व्यायामाच्या आळसामुळे, सूर्यनमस्कार घाला, तिळाच्या तेलाने मालिश करा, ती आत बसते. ती कातडी काढण्याचं ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. करायचंच तर लगेच करा, वजनही उतरेल. विमा मात्र एक पैसा देत नाही. हे वाचून कितीजणी गप्प बसून सोसत राहतात, म्हणून लिहितेय.

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेल्या बाईला आळशी म्हणायला जीभ रेटते तरी कशी? कातडी ताणून पुन्हा जागेवर येते ती कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंमुळे. वर्षानुवर्षं ताणलेले तंतू तुटतात, विरळ होतात. मग चरबी गेली तरी कातडी आवळत नाही. वय कमी असेल, वजन थोडंच उतरलं असेल तर ती बरीच सावरते, एवढं खरं. सूर्यनमस्कार जरूर घाला, पण त्याने घडतो तो खालचा स्नायू. तेलाने कातडी मऊ राहते, आणि घडीत साचलं तर उलट ओल कोंडते.

ही ओलच खरं दुखणं आहे. पोटाची कातडी जांघेवर उतरली की घडीत घाम मुरतो, बुरशी धरते, कातडी सोलवटते, वास येतो. खानापूरकडच्या पावसात धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लावणीला दिवसभर चिखलात वाकायचं आणि परकराची नाडी नेमकी त्याच घडीत काचणार. बाई हे घरातही सांगत नाही. मधुमेह असेल तर चिरा चिघळतात. आधी मलम, पावडर, जागा कोरडी ठेवणं. तरीही पुन्हापुन्हा उलटत असेल तर ती कातडी काढणं हा उपचार आहे, चोचले नव्हेत. आजकालचं खूळही नव्हे: अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हॉवर्ड केली यांनी पोटाची लोंबती कातडी-चरबी 1899 साली काढली होती.

‘लगेच करा, वजन उतरेल’ हे तर साफ उलटं. हे वजन उतरवण्याचं ऑपरेशनच नाही. वजन निदान सहा महिने एका जागी टिकल्यावर, आणि वजन उतरवण्यासाठी जठराचं (बॅरिएट्रिक) ऑपरेशन झालं असेल तर साधारण 12 ते 18 महिन्यांनी हे करतात. त्याआधी रक्तातलं हिमोग्लोबिन, प्रथिनं, साखर ठीक असावी लागते, कारण जठराच्या ऑपरेशननंतर लोह आणि बी-12 कमी पडतात.

धोके आहेतच. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्रण राहतो. आत पाणी साचतं, टाके उसवतात, क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. आणि आपल्या भागात एक गोष्ट हमखास लपवली जाते: तंबाखू. निपाणीच्या पट्ट्यात विडी पुरुष सांगतात, मशेरी बायका सांगत नाहीत. डॉक्टरने ‘सिगारेट ओढता का’ विचारलं की ‘नाही’ म्हणून मोकळ्या. मशेरीतही निकोटीन असतं. त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, कातडीच्या कडेला रक्त पोचत नाही आणि ती कड काळी पडून मरते. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत मशेरी बंद हवी. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं.

राहिला विमा. केवळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन पॉलिसीत बसत नाही, हे बरोबर. पण त्याच कलमात अपवाद आहे: आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणारा डॉक्टर तसं प्रमाणित करत असेल तर खर्च मागता येतो. म्हणून पुरळ उठेल तेव्हा दवाखान्यात दाखवून नोंद करून घ्या, फोटो आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. दंडाची किंवा मांडीची कातडी या अपवादात बसवणं अवघड जातं. पोटाच्या घडीचं सिद्ध करणं त्यामानाने सोपं. कंपनीने नकार दिला तर तो लेखी घ्या, आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिन्याभरात दाद मिळाली नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.