घागर कोण भरून घेणार? निलंगा तालुक्यातल्या दादांना उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि उत्तराला आठ दिवस लावले. लगेच लिहिलं असतं तर मनाला लावून घेऊन लिहिलं गेलं असतं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचा भैय्या २७ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, बोलतो अगदी मोजकं. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली सगळी भांडी तो एकटा भरतो, आणि त्या दिवशी आमच्याकडे शिरा होतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर दादांनी लिहिलं: "ताई, पोराने घागर भरली म्हणून तुम्ही सण करता. माझी लेक २४ वर्षांची आहे. दिवसभर तुरीचे दाणे रांगेत मांडत बसते. तिच्यापायी बायको चार वर्षांत माहेरी गेली नाही. असलं गोड गोड वाचून लोकांना वाटतं सगळं बरं चाललंय, आणि सरकार न् समाज दोघंही सुटतात. तुम्ही गेल्यावर ती घागर कोण भरून घेणार, ते लिहा."

वाईट दिवस मी लिहिले नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. आज लिहिते.

२०१६ चा उन्हाळा कुठलाच लातूरकर विसरणार नाही. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. भैय्या तेव्हा १७ वर्षांचा होता. नळाचा ठरलेला दिवस गेला आणि त्याच्या पायाखालची जमीनच गेली. टँकर कधी रात्री दोनला यायचा, कधी यायचाच नाही. रिकामी घागर दिसली की तो भिंतीवर डोकं आपटायचा. मी भिंतीला उशी लावून बसायची, त्याचे बाबा मागून धरायचे. माझ्या उजव्या दंडावर त्याच्या दातांची खूण अजून आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, लेकराला बाहेरचं झालंय, कुठंतरी दाखवून आणा. त्या महिन्यात या घरात कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. मी मुलाची आई आहे. मुलीच्या आईला दर महिन्याचं सगळं बघावं लागतं, आणि घराबाहेर पाऊल टाकायचं तर लेकीला कुणाच्या भरवशावर सोडायचं, हा घोर वेगळाच. वहिनींची चार वर्षं मला पुरती कळतात असं मी म्हणणार नाही.

सरकारचं म्हणाल, तर १९९५ च्या दिव्यांग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. म्हणून भैय्याच्या पहिल्या दाखल्यावर 'मतिमंद' लिहिलं गेलं. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार धरले, तेव्हा कुठे आमच्या लेकरांचं नाव कागदावर आलं. आणि १८ पूर्ण झाली तशी शाळेने टीसी हातात ठेवली. त्याच दिवसापासून आम्ही आईबापही त्याचे कायदेशीर पालक राहिलो नाही, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. ते बँकेच्या खिडकीवर, खात्यावर सही कोण करणार म्हणून विचारलं तेव्हा.

लेकीच्या कायदेशीर पालकत्वासाठी तुम्ही अर्ज केला नसेल तर लवकर करा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाला त्यात कायदेशीर पालक नेमून मिळतो. नेमणूक स्थानिक स्तर समिती करते, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतची. आम्ही सहा खेटे घातले, पण काम झालं.

त्या कामातच मला एक गोष्ट खटकली, आणि माझं सगळं लिहिणं तिथूनच सुरू झालं. नेमलेल्या पालकाला ६ महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. हे योग्यच आहे, लेकराचा पैसा कुणी खाऊ नये. पण दादा, त्या यादीत काय येतं? जमीन किती, खात्यात किती. लेकरू कशाने शांत होतं, कशाला भितं, कशाने खुलतं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते फक्त माझ्या डोक्यात होतं आणि माझ्याबरोबर जळून जाणार होतं.

म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. भैय्याला काय आवडतं ते त्यात लिहायला लागले, आणि तेव्हा ध्यानात आलं की हे लिहायचं तर आधी बघावं लागतं. मी इतकी वर्षं फक्त सांभाळत होते.

नळ यायच्या आधी पाइपात हवा सुटते. बारीक सूं असा आवाज येतो, आपल्याला ऐकूही येत नाही. भैय्याला आतल्या खोलीत ऐकू येतो. वरातीचा डीजे ज्या कानांना सोसवत नाही, तेच हे कान. तो उठतो, "आलं" एवढंच म्हणतो आणि मोरीपाशी जातो. आधी पिण्याची तांब्याची घागर, मग दोन कळशा, मग पिंप. काठापासून दोन बोटं रिकामी ठेवतो, कारण सांडलेलं त्याला चालत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. सगळं भरून झालं की तांब्याच्या गार, ओल्या घागरीला गाल लावून डोळे मिटून बसतो. पाच मिनिटं, कधी दहा. त्या वेळी त्याच्या कपाळावर एक आठी नसते.

२०१६ ला बाहेरचं झालंय म्हणणाऱ्या काकू आता भिंतीपलीकडून हाक मारतात, "भैय्या, आलं का रे?" तो "आलं" म्हणाला की गल्लीतल्या चार घरांतल्या पाण्याच्या मोटारी सुरू होतात. समाज सुटतो म्हणालात. इथे तरी एक गल्ली थोडी जवळ आली, आणि ती आमच्या रडण्याने आली नाही.

त्या दिवशी शिरा मी याचसाठी करते. आमच्या शहरात निकाल लागले की चौकाचौकात गुणवंतांचे फलक लागतात, पाहुण्यांकडून पेढे येतात. मी ते आनंदाने खाते. पण माझ्या घरात गोड कधी करायचं हे लातूर पॅटर्न ठरवणार नाही.

आता तुमचा प्रश्न. वहीत आजवर ६३ पानं झाली. त्यातलं थोडं देते: "नळाच्या दिवशी घागरीला हात लावू नका, त्यालाच भरू द्या. डीजे आला तर मधल्या खोलीत न्या, दिवा घालवा, बोलू नका. दाढ दुखली तर सांगत नाही, उजवा कान ओढतो. गाल लावून बसला की हाक मारू नका."

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा पुढे पालक व्हायला तयार आहे. मागच्या महिन्यात नळाच्या दिवशी मी मुद्दाम औशाला बहिणीकडे गेले, वही त्याच्या हातात देऊन. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी त्याचा फोन आला: "काकू, सगळं भरलं. घागरीला गाल लावून बसलाय. मी हाक मारली नाही." मी बहिणीच्या ओसरीवर बसून रडले. एकच दिवस होता तो, मला माहीत आहे. पुतण्याचं लग्न होईल, बदली होईल, त्याचा जीवही कधी विटेल. १८ वर्षांवरच्या लेकरांना ठेवायला एखादी चांगली जागा आम्हीही जिल्ह्याजिल्ह्यांत शोधली, मनाजोगी मिळाली नाही. त्यासाठी सरकारशी भांडायचंच आहे, आणि त्या अर्जावर पहिली सही माझी घ्या. पण उद्या अशी जागा झाली, तरी तिथल्या माणसाच्या हातात ही वही लागेलच.

वहिनींना एक दिवस माहेरी जाता यावं, यासाठी काय करता येईल ते मी आमच्या पालकांच्या गटात विचारते. स्थानिक स्तर समितीच्या अर्जाचा नमुना हवा असेल तर तसं कळवा, आमची प्रत काढून पाठवते.

आणि तुमच्याकडून मला एक हवंय. तुम्ही लिहिलंत, लेक दिवसभर तुरीचे दाणे रांगेत मांडते. ती रांग कुठून सुरू करते? खिडकीपासून, उंबऱ्यापासून? एखादा दाणा किडका निघाला तर काय करते? रांग कुणी मोडली तर तिचं काय होतं, हे तुम्हाला पाठ असेल. न मोडता तिच्या शेजारी कुणी नुसतं बसलं तर ती काय करते, तेवढं बघून मला कळवा.