पट्टीचा रंग बदलला नाही, म्हणून नीरेत साखर नाही?

माझ्या आत्याला मधुमेह आहे, बारा वर्षांपासून. गेले तीन आठवडे ती रोज सकाळी नीरेचे दोन ग्लास पीत होती आणि रात्रीची गोळी तिने बंद करून टाकली होती. परवा तपासली तर शुगर 312. हे सगळं एका व्हिडिओमुळे. तो एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय की नीरा म्हणजे मुळांनी गाळलेलं शुद्ध पाणी, तिच्यात साखर नसते, तिचा ग्लायसेमिक इंडेक्स (म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचा आकडा) 35 आहे, ती क्षार आणि ॲमिनो आम्लांनी भरलेली आहे आणि दुपारी फसफसली की आणखी गुणकारी होते.

सगळ्यात घातक तो साखरेचा दावा. व्हिडिओतला माणूस लघवी तपासायची पट्टी नीरेत बुडवतो, रंग बदलत नाही आणि तो म्हणतो, ‘बघा, साखर शून्य!’ अहो, ती पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. झाडाच्या रसात असते ती सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर. मी घरी कपभर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवली आणि तशीच पट्टी बुडवली. रंग जसाच्या तसा. मग काय, साखरेच्या पाण्यातही साखर नाही म्हणायचं? पोटात गेल्यावर आतड्यात त्याच सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ते ग्लुकोज थेट रक्तात उतरतं.

नारळाच्या नीरेत 100 मिलीला साधारण 10 ते 15 ग्रॅम साखर असते. बाटलीतल्या कोलात 11च्या आसपास. आत्या रोज 400 मिली पीत होती, हिशेब तुम्हीच करा.

मुळांचं पाणी म्हणाल, तर मुळांकडून वर चढतं ते जलवाहिन्यांतून. नीरा येते रसवाहिन्यांतून. पानांनी उन्हात केलेली साखर फुला-फळांकडे निघालेली असते, माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कापून आपण ती वाटेतच मडक्यात घेतो. हा रस कशाचा असतो हे केनेडी आणि मिटलर या दोन शास्त्रज्ञांच्या पद्धतीने नीट कळलं. त्यांनी ती 1953 साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात मांडली. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, झाडावर रस पीत असताना त्याची सोंड कापायची. मावा बाजूला झाला तरी सोंडेतून रस थेंब थेंब येत राहतो. वाळुंजाच्या (विलोच्या) झाडावर असा गोळा केलेला रस तपासला, तर साखर निघाली ती सुक्रोजच. मावा त्यातली बरीचशी साखर पचवूच शकत नाही, मागून टाकून देतो. मोहरावर तुडतुडे, म्हणजे तशीच रस पिणारी कीड, पडले की आंब्याची पानं चिकट होतात ती याच कारणाने. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, बोटं चिकटतील असं पाणी कुठलं मुळांनी गाळलेलं?

35 हा आकडा नीरेचा नाहीच. तो नारळाच्या साखरेचा, फिलिपिन्समध्ये मोजलेला. सिडनी विद्यापीठाच्या यादीत तीच साखर 54वर आहे.

पोटॅशियम आणि ॲमिनो आम्लांचं खरं आहे, मानावंच लागेल. रसवाहिन्यांतल्या रसात दोन्ही असतात, ग्लुटामिन नावाचं ॲमिनो आम्लही. पण पोटॅशियम केळ्यातही मिळतं, त्यासाठी ग्लासभर साखर कशाला प्यायची?

आणि फसफसलेली नीरा म्हणजे माडी. हवेतलं यीस्ट साखरेची दारू करतं, म्हणून तर मडक्याला आतून चुना लावतात, रस बर्फात ठेवतात आणि लवकर विकून मोकळे होतात. मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने दारू घेतली तर साखर एकदम खालीही जाऊ शकते. हे त्या व्हिडिओत कुठेच नाही.

काल आत्याला साखरेच्या पाण्यात बुडवलेली ती पट्टी दाखवली. बराच वेळ हातात धरून ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘मी हा व्हिडिओ आणखी चौघींना पाठवलाय रे.’ त्या चौघींपैकी तिघींना मधुमेह आहे. आज सकाळपासून तिघींना फोन लावतोय, एकीने अजून उचललेला नाही.