एवढी मोठी बोट आणि तोफ एकच?

2025 च्या जानेवारीतली गोष्ट. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. बंदरात उभ्या असलेल्या एका नव्या, करड्या रंगाच्या युद्धनौकेकडे बराच वेळ निरखून पाहिल्यावर त्यांनी मला विचारले, "काय हो, एवढी मोठी बोट आणि तोफ एकच?"

त्याच महिन्यात, 15 जानेवारीला, माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस नीलगिरी' ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) मुंबईच्या नौदल गोदीत ताफ्यात दाखल झाली होती आणि माझ्या फोनवर तिची छायाचित्रे दर दोन तासांनी येत होती. जवळपास प्रत्येक छायाचित्राखाली ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा उल्लेख होता. आठ ब्राह्मोस, हवाई हल्ल्यांविरुद्ध 32 बराक क्षेपणास्त्रे, 149 मीटर लांबी, 28 नॉट वेग, हे सगळे खरेच आहे आणि त्याचा अभिमान मलाही वाटतो. पण फ्रिगेट ही मुळात कशासाठी असते, याबद्दल त्या गर्दीत कोणी काही लिहिले नव्हते. माझ्या मते फ्रिगेटचे पहिले काम ऐकण्याचे आहे, मारा करण्याचे त्यानंतर येते.

हे मी कशावरून म्हणतो, ते सांगण्यासाठी 9 डिसेंबर 1971 च्या रात्रीकडे जावे लागते. दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर 'खुकरी' आणि 'किरपाण' या दोन फ्रिगेट एका पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. पाणबुडी शोधणे हेच त्यांचे काम होते; त्या वर्गाच्या नौका त्याच कामासाठी आखलेल्या होत्या. परंतु 'हँगोर' ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी अधिक नवी होती, तिचा सोनार (पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्र) अधिक लांबचे ऐकत होता, आणि शिकाऱ्याला सावजाचा पत्ता लागण्याआधी सावजानेच शिकाऱ्याला हेरले. पाणतीर (टॉर्पेडो) लागल्यावर 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांच्या धैर्याबद्दल आपण आदराने बोलतो आणि बोललेच पाहिजे, पण त्या आदरापोटी एक रुक्ष गोष्ट झाकली जाते: त्या रात्री धैर्य कमी पडले नव्हते, कान कमी पडले होते.

समुद्राखाली ऐकणे सोपे नाही. अरबी समुद्राचे वरचे पाणी उन्हाने तापलेले असते आणि त्याखाली थंड पाण्याचा थर असतो. या दोहोंच्या सीमेवर ध्वनीची वाट वाकते, त्यामुळे नौकेच्या तळाशी बसवलेल्या सोनारला खालच्या थरात दबा धरून बसलेली पाणबुडी अगदी जवळ असूनही सापडत नाही, असे होऊ शकते. त्यात नौकेच्या स्वतःच्या इंजिनांचा आणि पाण्यातल्या पंख्यांचा (प्रोपेलरचा) आवाज असतो. म्हणून शांत चालता येणे हा फ्रिगेटचा मोठा गुण मानला जातो. 'नीलगिरी'वर रोजच्या गस्तीसाठी दोन डिझेल इंजिने आणि धाव घ्यायची असेल तेव्हा दोन गॅस टर्बाइन, अशी जोडव्यवस्था आहे. पण वेग वाढला की कान बधिर होतात, हे कोणत्याही इंजिनाला चुकत नाही.

यावरचा उपाय म्हणजे हेलिकॉप्टर. ते नौकेपासून दूर जाऊन पाण्याच्या वर हवेत स्थिर राहते, दोराने सोनार खाली सोडते, थंड थराच्या पार नेते आणि तिथे ऐकते. काही सापडले नाही, तर दोर गुंडाळून पुढच्या जागी जाते. हेलिकॉप्टर नसलेली फ्रिगेट म्हणजे एका कानाने ऐकणारा राखणदार. आपल्याकडची सी किंग हेलिकॉप्टरे जुनी झाली होती. त्यांच्या जागी अमेरिकेकडून 24 एमएच-60आर घेण्याचा करार 2020 मध्ये झाला आणि त्यांची पहिली तुकडी मार्च 2024 मध्ये कोचीला उभी राहिली. नौदलाकडच्या मोठ्या युद्धनौका मोजल्या, तर 24 हा आकडा पुरेसा वाटत नाही. नव्या नौकेच्या जलावतरणाला जेवढी गर्दी होते, त्याच्या दहावा हिस्सा चर्चा या आकड्याची व्हावी, अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरा आकडा नौकांचाच. 'नीलगिरी'च्या वर्गात, म्हणजे त्याच आराखड्याच्या, सात नौका आहेत. चार माझगाव डॉकच्या, तीन कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीच्या. सहा नावे सत्तरच्या दशकातल्या जुन्या फ्रिगेटांची आहेत, सातवे 'महेंद्रगिरी' तेवढे नवे. (जुनी 'विंध्यगिरी' 2011 च्या जानेवारीत एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन मुंबई बंदरातच बुडाली. मांडव्याच्या लाँचमधून जाताना मला ती हटकून आठवते.) सात म्हटले की सातही समुद्रावर आहेत असे आपण समजतो. नौदलांचा जगभरचा ढोबळ हिशेब वेगळा असतो: तीनपैकी एक नौका कामावर, एक दुरुस्तीत, एक तयारीत. म्हणजे साताच्या दोन किंवा तीन. 'नीलगिरी'चा कणा डिसेंबर 2017 मध्ये बसवून बांधणी सुरू झाली आणि ती नौदलाच्या हाती आली डिसेंबर 2024 मध्ये. एका नौकेला सात वर्षे, हा वेग कोणाला समाधानकारक वाटत असेल तर त्यांनी चीनच्या गोद्यांकडे एकदा पाहावे. मुंबईच्या गोदीला ही कला नवी नाही. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याने इथे मलबारी सागवानात बांधलेली आणि 1817 मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

या नौकांचे शांततेतले काम तर बातमीतही जेमतेम येते. जून 2025 मध्ये कांडल्याहून ओमानकडे निघालेल्या एका तेलवाहू जहाजाच्या इंजिनघरात आग लागली. जहाजावर 14 भारतीय खलाशी होते. मदतीला पोचली ती 'तबर' ही फ्रिगेट, कारण ती त्याच भागात गस्तीवर होती. मुंबईहून एखादी नौका पूर्ण वेगाने निघाली असती, तरी तिथे पोचायला एका दिवसाहून अधिक वेळ लागला असता. आकारमानाने पाहिले तर देशाचा सुमारे 95 टक्के व्यापार समुद्रावरून होतो. त्या वाटेवर आधीपासून हजर असणे, हे कंटाळवाणे वाटणारे काम फ्रिगेट करते.

त्या गृहस्थांना मी यातले निम्मेदेखील सांगू शकलो नाही, लाँचच्या इंजिनाचा आवाजच एवढा होता. तोफ एकच असली तरी बाकीची शस्त्रे डेकच्या पोटात उभी असतात, एवढे सांगितले, आणि मग मागच्या बाजूच्या सपाट, रिकाम्या डेककडे बोट दाखवून म्हणालो, "काका, खरी गंमत तिथे आहे. तिथून हेलिकॉप्टर उडते."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिले. "आता आहे का आत?"

हेलिकॉप्टर ठेवायच्या हँगरचे शटर बंद होते. मला सांगता आले नाही.